मास्तरांच्या खिडकीसमोरची फुली

ओळंबासाहेबांच्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. एक बाळ झालं असतं तर बाईसाहेब महिनाभरात परतल्या असत्या. दोन झाल्यामुळे त्या ऑक्टोबरात मुलीकडे गेल्या त्या गेल्याच, आणि साहेब घरात एकटे उरले. निवृत्त माणसाला घरात एकटं ठेवू नये. कुत्र्याला एकटं ठेवलं तर ते फार तर चप्पल फाडतं. निवृत्त अधिकारी योजना आखतो.

ओळंबा हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ उभी आहे की कललीय हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. साहेबांची सगळी नोकरी नगरपालिकेच्या धोकादायक इमारत विभागात गेली. खिशात एक वेळ रुमाल नसायचा, पण ओळंबा असायचाच. थोरल्या मुलीच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा हातात पाण्याचा पेला घेण्याआधी त्यांनी दिवाणखान्याची भिंत तपासली होती. भिंत अर्धा इंच कललेली निघाली. ते त्यांनी सांगितलंही. बाईसाहेब ते अजून विसरलेल्या नाहीत, आणि मुलीच्या सासूबाई तर मुळीच नाहीत. तेव्हापासून पाठीमागे सगळे त्यांना ओळंबा म्हणत आणि तोंडावर साहेब. दोन्ही त्यांना ठाऊक होतं, आणि दोन्हींचा त्यांना थोडा थोडा अभिमान होता.

साहेबांच्या इमारतीची एक बाजू अरुंद गल्लीवर होती आणि गल्लीच्या पलीकडच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, मास्तर राहायचे. मास्तर शाळेत गाणं शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. रोज संध्याकाळी साहेब गल्ली ओलांडून त्यांच्याकडे जात आणि दोघं बुद्धिबळाचा पट मांडून बसत. हे तीस वर्षं चाललं होतं. कोण किती डाव जिंकलं याचा हिशेब साहेबांनी कधी ठेवू दिला नाही, यावरून काय ते समजावं.

त्या वर्षी मास्तरांनी अंथरूण धरलं. छातीचं दुखणं होतं. डॉक्टर आले, तपासून झालं, मग त्यांनी मास्तरीणबाईंना बाहेरच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, आता त्यांना जे आवडतं ते करू द्या. डॉक्टर एवढ्या मायेने बोलू लागले की काय समजायचं ते बायका समजतात. मास्तरीणबाई समजल्या. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. साहेबांनाही त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि त्यांनीही काही विचारलं नाही.

डिसेंबर लागला आणि एका संध्याकाळी मास्तर पटावरून नजर न काढता म्हणाले, या वर्षी चर्चची रोषणाई काही दिसायची नाही. चर्च दोन रस्ते पलीकडे होतं. नाताळात त्याच्या दर्शनी भिंतीवर दिव्यांची मोठी इंग्रजी अक्षरं लागत, आणि ती बघतच मास्तर ऑर्गनच्या जिन्याकडे जात. साहेब म्हणाले, खुर्चीत बसवून नेतो. मास्तरांनी मान हलवली. ज्या पोरांना उभं राहून गायला शिकवलं त्यांच्यासमोर खुर्चीतून उचलून न्यायचं, हे त्यांना नको होतं.

"मग तुम्ही जाऊच नका," साहेब म्हणाले. "मी ते इकडे आणतो."

"काय? चर्च?"

"बघाच तुम्ही."

हे बोलले तेव्हा आपण काय करणार आहोत याची साहेबांना सुतराम कल्पना नव्हती. पण अधिकाऱ्याची जन्माची सवय असते. आधी आश्वासन द्यायचं, मग ते कशाबद्दल होतं ते शोधायचं. घरी येऊन त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं आणि त्यांना दिसलं की मास्तरांच्या पलंगासमोर जी खिडकी आहे तिच्या बरोब्बर समोर आपल्या इमारतीची कोरी भिंत आहे. त्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत सणाचं नाव रंगवायचं, भोवती दिव्यांची माळ सोडायची, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी एकदम पडदा वर करायचा. साहेबांचे डोळे पाणावले. स्वतःची योजना आवडली की ते नेहमीच पाणावत.

आता भिंत मोजणं आलं. मास्तरांची नजर अधू, म्हणून अक्षर निदान माणसाएवढं हवं. सांडपाण्याचा नळ आणि जिन्याचा झरोका यांच्यामध्ये तशी चारच अक्षरं बसत होती. चर्चवर असतं तसं इंग्रजीत ख्रिसमस लिहायचं तर नऊ लागतात. साहेबांनी बोटांवर दोनदा मोजली, दोन्ही वेळा नऊच भरली. वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर खाली येऊन म्हणाले, दोन ओळी करा. पण खालची ओळ पाण्याच्या टाकीमागे गेली असती. मग प्रोफेसर म्हणाले, इंग्रजी सोडा, आपल्या अक्षरांत नाताळ लिहा, तीनच लागतात. साहेबांना हे पटेना. मास्तरांना चर्चची रोषणाई दाखवायची तर ती चर्चसारखी दिसली पाहिजे. प्रोफेसर तिसरा उपाय सांगायला लागले तेव्हा साहेबांनी त्यांना टेप धरायला लावली. सल्ला देणाऱ्याच्या हातात काम दिलं की तो लवकर घरी जातो, हा नोकरीतला अनुभव.

आणि मग त्यांना कापडाची दुकानं आठवली. डिसेंबरात दुकानांच्या काचांवर ते नाव आखूड करून लिहिलेलं असतं. आधी इंग्रजी एक्स, म्हणजे आपली फुली, आणि पुढे एम, ए, एस. बरोबर चार. जणू कोणी आधीच येऊन या भिंतीचं माप घेऊन गेलं होतं. देवाच्या नावाच्या जागी तिथे फुली का असते, हे साहेबांनी कोणाला विचारलं नाही. इतक्या दुकानांत आहे म्हणजे मंजूर असणार. सरकारी माणूस वारंवार दिसणाऱ्या गोष्टीला मंजूरच समजतो.

इमारतीच्या सेक्रेटरींनी परवानगी देताना थोडी खळखळ केली. भिंत सगळ्यांची, उद्या प्रत्येक जण म्हणेल मलाही काही लिहायचंय. पण त्यांच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलाकडचे लोक त्याच आठवड्यात घर बघायला येणार होते. इमारत जरा सणासुदीची दिसली तर वाईट काय, असा विचार करून त्यांनी होकार दिला, फक्त खिळे मारायचे नाहीत या अटीवर.

राहिला रंगारी. साहेबांना एकच रंगारी ठाऊक होता. त्यांच्याच विभागातला, त्यांच्या पाठोपाठ निवृत्त झालेला. या गृहस्थाने नोकरीभर एकच काम केलं होतं. इमारत धोकादायक ठरली की तिच्या सगळ्यांत दिसणाऱ्या भिंतीवर पांढरं वर्तुळ काढायचं आणि त्यात माणसाएवढी लाल फुली मारायची. तशी फुली पडली की लोकांनी घर रिकामं करायचं. साहेब पुढे ओळंबा घेऊन आणि रंगारी मागे डबा घेऊन, अशी ती जोडी एके काळी गावात फिरे तेव्हा लोक धडाधड खिडक्या लावून घेत. जणू खिडकी लावली की भिंत सरळ होते.

रंगाऱ्याला निरोप गेला आणि तो हातातलं सगळं टाकून आला. येताना डबाही घरचाच घेऊन आला. साहेबांनी चार अक्षरांचा कागद त्याच्यासमोर धरला. त्याने तो बराच वेळ बघितला.

"साहेब, हे पहिलं हातात बसलेलं आहे," तो म्हणाला. "बाकीच्या तिघांना सराव लागेल."

तेव्हा ठरलं असं की आज पहिलं अक्षर उरकायचं, आणि बाकीची त्याने दोन दिवस घरी वर्तमानपत्रावर गिरवायची. रंगारी शिडीवर चढला, साहेब खाली उभे राहिले, आणि दोघांनाही एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं. त्याने न मोजता पांढरं वर्तुळ काढलं. ते वाळेपर्यंत दोघांनी चहा घेतला आणि जुन्या पडक्या इमारतींच्या आठवणी काढल्या, लोक जुन्या मित्रांच्या काढतात तशा. मग त्याने दोन फटकाऱ्यांत फुली मारली. शेवटी खालच्या कोपऱ्यात, हात थांबेना म्हणून, विभागाचा क्रमांकही घातला. साहेबांनी चार पावलं मागे जाऊन पाहिलं. फुली बरोबर दिसत होती. इथेच साहेबांचं चुकलं. जी गोष्ट उभ्या नोकरीत बरोबर दिसली, ती आज चुकीची दिसायला डोळे दुसऱ्याचे लागतात.

दुसऱ्याचे डोळे सकाळी उठले. दूधवाल्याने दूध दिलं नाही. वर्तमानपत्रवाल्याने दिलं, पण देताना साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. नऊच्या सुमारास एक भंगारवाला आला आणि कोणाला काही न विचारता एकेका घराच्या दारावर टिचकी मारून लाकूड बघू लागला. सेक्रेटरींच्या दाराशी तो जास्त वेळ रेंगाळला, ते दार सागवानी होतं. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाने भांडी बांधायला घेतली. प्रोफेसरांनी आपली पुस्तकांची खोकी हमाल लावून खाली उतरवली, आणि उतरवल्यावर साहेबांनी त्यांना खरा प्रकार सांगितला. हमाल तोवर निघून गेला होता. ती खोकी पुढे आठवडाभर जिन्याखाली होती आणि प्रोफेसर संदर्भ बघायला दर थोड्या वेळाने पायऱ्या उतरत.

सेक्रेटरींना मुलाच्या वडिलांचा फोन आला. फार सभ्य माणूस. ते म्हणाले, घर बघायचं राहू द्या, आपण एखाद्या हॉटेलात भेटू, घरात काय ठेवलंय. सेक्रेटरी फोन ठेवून थेट साहेबांकडे आले. ते जे बोलले ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं एवढंच, की त्यांनी आधी साहेबांची बुद्धी काढली, मग साहेबांचं खातं काढलं, आणि शेवटी म्हणाले, ती फुली आत्ताच्या आत्ता पुसा. साहेब मानी माणूस, पण त्या मुलीचं नाव निघाल्यावर त्यांचा ताठा उतरला. ते चुन्याची बादली आणायला उठले.

बादली जिन्यातून खाली येते न येते तोच वीजमंडळाचा माणूस आला आणि इमारतीची तार काढू लागला. साहेबांनी जुन्या आवाजात विचारलं, कोणाच्या हुकमाने. तो शिडीवरूनच म्हणाला, फुली दिसली की विचारायचं नाही, वीज तोडायची, असा नियम आहे. आणि काका, ती बादली बाजूला ठेवा. फुली पुसली किंवा त्या भिंतीला दुसरा रंग लावला तर पोलिसांत जावं लागतं.

साहेबांनी बादली बाजूला ठेवली. हा नियम त्यांना तोंडपाठ होता. लोक रात्रीतून फुली पुसून टाकत आणि पडक्या घरात तसेच राहत, म्हणून साहेबांनीच तो केला होता. त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता.

इथपर्यंतचं सगळं साहेबांनी सोसलं असतं. इमारतीतली माणसं चार दिवस ओरडतात, पाचव्या दिवशी दुसरा विषय निघतो. पण दुपारी दार वाजलं आणि बाहेर मास्तरीणबाई उभ्या होत्या. त्या कधी दार वाजवून येत नसत, गल्लीतूनच हाक मारत. थंडीमुळे एरवी खाली सोडलेला मास्तरांच्या खिडकीचा पडदा त्यांनी सकाळी हवा यावी म्हणून जरासा वर केला होता. मास्तर झोपेत होते. त्यांनी पाहिलं नव्हतं. बाईंनी पाहिलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "डॉक्टर जे बोलले ते मी माझ्यापाशी ठेवलं होतं. पोटच्या पोरांना कळवलं नाही. तुम्ही ते भिंतीवर लिहिलंत."

 साहेबांनी घाईघाईने सगळं सांगितलं, रोषणाई, नऊ अक्षरं, नळ, झरोका, दुकानाची काच. तसं नाहीच हो ते, तुमच्या सणाचंच नाव आहे, फक्त आखूड केलंय. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे ऐकून घेणाऱ्या बाईसमोर माणसाने थांबावं, पण साहेब शेवटपर्यंत बोलले.

"म्हणजे नावात जिथे प्रभू होता," बाई म्हणाल्या, "तिथे तुम्ही फुली मारलीत."

"दुकानात तसंच लिहितात, बाई."

"दुकानात काय, सगळंच सोलून विकतात." त्या वळल्या. "पडदा मी खाली सोडलाय. थोडे दिवस पट मांडायला येऊ नका."

प्रोफेसर जिन्याखाली खोक्यापाशी होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि बाई गेल्यावर त्यांनी बाईंचं म्हणणं शास्त्रशुद्ध असल्याचं सांगितलं. व्यापाऱ्यांनी जागा वाचवायला देवाचं नाव उडवलं, हा अलीकडचा प्रकार आहे, असं ते ठामपणे म्हणाले. कुठल्या पुस्तकात आहे ते मात्र त्यांना सांगता येईना, कारण ते खोकं सगळ्यांत खाली होतं.

त्या संध्याकाळी साहेबांनी मेणबत्तीच्या उजेडात एकट्यानेच पट मांडला. दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळले आणि तरीही हरले. मग बाईसाहेबांना फोन केला. पलीकडे एक बाळ रडत होतं आणि ते थांबलं की दुसरं सुरू होत होतं. बाईसाहेबांनी मधल्या मधल्या शांततेत सगळं ऐकलं.

"अहो, इथे मी दोघांना सांभाळतेय," त्या म्हणाल्या. "तिसऱ्याला सांभाळायला तिकडे येऊ का?"

साहेब म्हणाले, मी बाईंजवळ दिलगिरी व्यक्त केली आहे.

"ती व्यक्त करू नका. माफी मागा. आणि कारण सांगू नका."

हा सल्ला चांगला होता, म्हणून साहेबांनी तो बाजूला ठेवला आणि सकाळी आपल्या जुन्या कचेरीत गेले. निदान वीज तरी आणू, फुलीचा प्रश्न तरी मिटवू, मग मागू माफी, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या खुर्चीत आता जो साहेब बसला होता तो एके काळी त्यांचीच टेप धरायचा. तो उठून उभा राहिला, त्याने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली, जुळ्यांबद्दल अभिनंदन केलं आणि मग नकार दिला. फुली काढायची तर तिघांच्या समितीने इमारत तपासायला हवी आणि दाखला द्यायला हवा. समितीतले एक गृहस्थ रजेवर होते. दाखला हातात पडेपर्यंत वीज नाही, चुना नाही, रंग नाही.

साहेब म्हणाले, अरे, इमारत धडधाकट आहे हे तुला ठाऊक आहे. तो म्हणाला, ठाऊक आहे, पण फुली आहे ना. साहेब म्हणाले, ती फुली ही फुली नव्हे, ती नाताळची आहे. त्याने मान खाली घालून थोडा विचार केला. त्याला खरंच मदत करायची होती.

"नाताळची फुली असा प्रकार नियमात नाही, साहेब," तो म्हणाला. "आणि मी काल येऊन बघून गेलो. हात आपल्याच रंगाऱ्याचा आहे. क्रमांक आपल्या विभागाचा आहे. आता ही खोटी म्हटली तर आजवरच्या सगळ्या खोट्या म्हणाव्या लागतील. हे तुम्हीच शिकवलंत."

कचेरीच्या पायऱ्या उतरताना साहेबांना दुःख कशाचं झालं हे त्यांनाच नीट कळलं नाही. काम झालं नाही याचं होतं, पण इतका पक्का माणूस आपण स्वतःच्या हाताने तयार केला, याचं जास्त होतं. घरी आले तर दाराशी रंगारी उभा. काखेत वर्तमानपत्रांची गुंडाळी. त्याने ती उलगडून दाखवली. पानामागून पान एम काढले होते. सुरुवातीचे लंगडे होते, शेवटचे दोन पायांवर ताठ उभे होते. साहेबांनी त्याला सांगितलं की आता भिंतीला हात लावता येणार नाही. त्याने नियमाचं नाव ऐकताच मान डोलावली, नियम त्यालाही पाठ होता. त्याने कागद पुन्हा गुंडाळले, सावकाश, घडी मोडू न देता, आणि गेला. त्यानंतर साहेबांनी कुठेही जायचं सोडून दिलं. नाताळ तोंडावर आला होता. भिंतीवर एक फुली होती, अंधार होता, आणि मास्तरांची खिडकी बंद होती. वचन दिलं नसतं तर मास्तरांना फक्त रोषणाई दिसली नसती. वचन दिल्यामुळे आता साहेबही दिसत नव्हते.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी गल्लीतून हाक आली. मास्तरीणबाई होत्या. म्हणाल्या, "बोलावलंय त्यांनी. माझं काही म्हणणं नाही."

झालं होतं असं, की साहेब का येत नाहीत असं मास्तर रोज विचारत आणि बाई सांगत, सर्दी झालीय. पण मास्तरांनी साहेबांना सर्दीत, तापात आणि एकदा तर पाय प्लास्टरमध्ये असताना खेळताना पाहिलं होतं. शेवटी त्यांनी बाईंना समोर बसवलं आणि खरं काय ते काढून घेतलं.

साहेब खोलीत गेले. मास्तर उशांना टेकून बसले होते, आठवड्यात निम्मे झाल्यासारखे दिसत होते. साहेबांनी जिन्यात एक वाक्य तयार केलं होतं. ते विसरले.

"मास्तर, चुकलं माझं," ते म्हणाले. आणि बाईंकडे वळून पुन्हा तेच म्हणाले. कारण सांगितलं नाही.

मास्तरांनी हाताने पडदा वर करायची खूण केली. बाई जागच्या हलल्या नाहीत. मास्तरांनी पुन्हा खूण केली. तेव्हा त्यांनी पडदा वर केला आणि लाल फुलीने खिडकी भरून गेली. मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. मग ते हसायला लागले, हसता हसता त्यांना खोकला लागला, बाई पाणी घेऊन धावल्या, आणि साहेबांना वाटलं, आता एवढंच राहिलं होतं.

खोकला थांबल्यावर मास्तरांनी विचारलं, हे नाव खोडलंय असं कोण म्हणालं. साहेबांनी प्रोफेसरांचं मत सांगितलं. मास्तर म्हणाले, जागा वाचवायला केलं हे खरं, पण दुकानदारांनी नाही. मग ते थांबत थांबत, मधे श्वास घेत सांगू लागले. प्रभूची गोष्ट पहिल्यांदा पुस्तकात उतरली ती ग्रीक भाषेत. ग्रीक भाषेत ख्रिस्त लिहायला लागलं की पहिलंच अक्षर फुलीसारखं येतं. त्यांच्याकडे तो ख आहे. हाताने पोथ्या उतरवणारे लोक पवित्र नावं पूर्ण लिहीत नसत, एखाददुसरं अक्षर लिहीत आणि वर आडवी रेघ ओढत, म्हणजे वाचणाऱ्याने तिथे थबकावं. पुढे विलायतेतल्या पाद्र्यांनी तेच अक्षर उचललं आणि त्यालाच जोडून सणाचं नाव लिहिलं. याला आठ-नऊशे वर्षं झाली. दुकानं नंतर आली.

"तुम्हाला हे कुठे मिळालं?" साहेबांनी विचारलं.

"ऑर्गनवर बसलं की समोर वेदी दिसते. वेदीवरच्या कापडावर ही फुली भरलेली आहे, मधून एक दांडा गेलेला. इतकी वर्षं बघून बघून शेवटी म्हाताऱ्या फादरना विचारलं. प्रवचन लांबलं की माणूस काहीही विचारतो."

मास्तरीणबाई पाण्याचा पेला हातात धरून उभ्या होत्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"ते कापड मी धुते," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला धुऊन इस्त्री करते. मला वाटायचं नक्षी आहे."

 मग बाई पदराने डोळे पुसत साहेबांना म्हणाल्या, बसा ना, उभे का. एवढ्यावर त्यांनी मिटवलं. पण साहेबांना बसवेना. वीज तोडलीय, ते म्हणाले, माळ लागणार नाही, आणि पुढची तीन अक्षरं तर नियमाने लिहिताच येत नाहीत. तुम्हाला आख्खं दाखवायचं होतं. अर्धंच राहिलं.

"अर्धं कुठे?" मास्तर म्हणाले. "नाव झालंय. राहिली ती नुसती उपासना. पुढचं मास म्हणजे तीच. ती आम्ही म्हणू की इथे."

संध्याकाळ झाली. साहेबांची इमारत काळोखात गेली आणि फुली दिसेनाशी झाली. तेव्हा मास्तरीणबाईंनी मास्तरांच्या पलंगाजवळचा उंच दिवा उचलला, त्याच्यावरची टोपी काढली आणि तो खिडकीत उभा करून तोंड बाहेर फिरवलं. गल्ली अरुंद होती. उजेड सरळ पलीकडे पोचला आणि काळ्या इमारतीवर ती एकच लाल फुली पेटल्यासारखी वर आली.

खाली माणसं थांबू लागली. सेक्रेटरी बाहेर आले, त्यांच्यामागे त्यांची मुलगी आली. प्रोफेसर खोक्यावर बसले होते ते उठून आले आणि वरून साहेबांनी त्यांना ग्रीक अक्षराची हकीकत ओरडून सांगितली. प्रोफेसर म्हणाले, आपल्याला तशी शंका होतीच. रंगारी कुठून तरी आला होता. तो मान वर करून आपल्या कामाकडे बघत होता. त्या फुलीकडे लोक घाबरून न पळता उभे राहून बघताहेत, हे त्याच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

दोन रस्ते पलीकडून चर्चमधलं गाणं ऐकू येऊ लागलं. मास्तरांची बोटं पांघरुणावर चालायला लागली. त्यांच्या जागी बसलेला नवा ऑर्गनवाला लय पळवत होता. मास्तर पुटपुटले, घाई करतोय लेकाचा. मास्तरीणबाई पलंगाच्या कडेला बसून हळू आवाजात प्रार्थना म्हणू लागल्या, मास्तर मधे मधे एखादा शब्द उचलत होते, आणि साहेब, ज्यांना त्यातलं काही येत नव्हतं, ते दिवा हलू नये म्हणून त्याचा दांडा धरून उभे होते. हात भरून आला तरी त्यांनी तो सोडला नाही.

बाईसाहेब जानेवारीअखेर परत आल्या. सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न ठरलं, हॉटेलातच ठरलं. समिती मार्चमध्ये आली, इमारत सरळ उभी असल्याचा दाखला मिळाला, वीज जोडली गेली आणि विभागाची माणसं फुलीवर चुना मारून गेली. मास्तर त्याआधीच, फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी, गेले.